९५ आणि ७० गुंठे मिळून ९५७०?

२ एकर १५ गुंठे आणि १ एकर ३० गुंठे मिळून किती, असं पारावर कुणालाही विचारा. तंबाखू मळता मळता उत्तर येईल, ४ एकर ५ गुंठे. आता हेच आकडे २.१५ आणि १.३० असे कॉम्प्युटरला द्या. तो ३.४५ म्हणेल, आणि तेही बिनधास्त. एकराचे गुंठे ४०, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. हे ३.४५ कुणी दशांशातले एकर म्हणून वाचलं तर होतात ३ एकर १८ गुंठे. म्हणजे २७ गुंठे गेले हवेत! भावाभावांच्या वाटणीत असा आकडा शिरला तर काय होईल, ते तुम्हाला सांगायला नको.

शेतकरी बंधू-भगिनींनो, एवढ्या एका हिशेबावर घरबसल्या प्रोग्रामिंगला हात घालता येतो. शहरातला क्लास लावायलाच हवा असं नाही. गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनी १९९१ साली लोकांपुढे आणलेली 'पायथॉन' ही भाषा फुकट मिळते, अँड्रॉइड मोबाईलवरही चालते. तिच्या आज्ञा इंग्रजीत आहेत खऱ्या, पण सुरुवातीला मोजक्याच लागतात. शिवाय २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून आपण ठेवलेली नावं देवनागरीत चालतात. 'गुंठे' नावाचा कप्पा करा, त्यात आकडा ठेवा.

पहिल्याच दिवशी गंमत होते. दोन्ही तुकड्यांचे गुंठे केले, ९५ आणि ७०. प्रोग्रामने आकडे विचारावेत आणि बेरीज सांगावी, असं लिहिलं. उत्तर येतं ९५७०! यंत्र बिघडलेलं नसतं. 'इनपुट' या आज्ञेनं घेतलेलं सगळं पायथॉन अक्षरं समजतो, म्हणून त्यानं दोन्ही शेजारी शेजारी चिकटवले. 'इंट' लावून 'बाबा, हा आकडा आहे' असं सांगितलं की १६५ येतात. पुस्तकात वाचून हे विसराल. ९५७० गुंठे एकदा पडद्यावर दिसले की विसरायचं नाव नाही.

पुढं १६५ ला ४० ने भागा. दोन तिरप्या रेघा दिल्या की पूर्ण भागाकार ४, टक्क्याचं चिन्ह दिलं की बाकी ५. सातबाऱ्याला हेक्टर-आर लागतात, म्हणून आणखी एक ओळ. गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटरचा, आर १०० चा. म्हणजे १६५ गुंठ्यांचे साधारण १ हेक्टर ६७ आर.

आज्ञा लिहिताना चुकलात तर पायथॉन ओरडतो, कुठल्या ओळीवर अडला तेही दाखवतो. त्याला घाबरू नका. ३.४५ च्या वेळी मात्र तो गप्प बसतो. तिथं पारावरचं तोंडी गणितच कामाला येतं, आणि ते तुमच्याकडे आहे. गावकारभाऱ्यांनो, कचेरीतल्या एक्सेलच्या तक्त्यातही हीच गोम आहे. एकर आणि गुंठे वेगवेगळ्या रकान्यात ठेवा. घरच्या प्रोग्रामचा आकडा पडताळ्यापुरता, नोंद दप्तरातलीच खरी.

आता ३९, ४० आणि ४१ गुंठे घालून बघा. ४० ला बरोबर १ एकर ० गुंठे यायला हवेत. आणि कुणी २ एकर ४५ गुंठे असं भरलं, तर प्रोग्रामनं ते निमूट घ्यायचं की परत विचारायचं, ते तुम्हीच ठरवा आणि तशी ओळ घाला.