अँटेना बसवायची कुठे?

आमच्या गावाचं नाव उंटरश्लाइसहाइम. आई पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "इथे उंट कुठले रे?" उंट नाहीत, 'उंटर' म्हणजे खालचं. वरचं श्लाइसहाइम शेजारीच आहे आणि तिथला विमानतळ १९१२ सालचा. माझं कामही विमानांचंच, पण उडवायचं नव्हे. विमानावरच्या अँटेनातून लहरी कुठल्या दिशेला किती जातात, ते संगणकावर काढायचं.

गच्चीवरच्या टी.व्ही.च्या अँटेनाला पाण्याची टाकी आड आली की चित्राला मुंग्या येत, हे तुम्हाला आठवत असेलच. विमानात तर पंख, शेपूट, इंजिन सगळंच आड येतं. शिवाय पत्र्यावरून वाहणारा विद्युतप्रवाह स्वतःच लहरी सोडतो, म्हणजे अख्खं विमानच अँटेना! म्हणून जागा महत्त्वाची. जीपीएसची अँटेना पाठीवर, जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या रेडिओची पोटाखाली.

वैमानिक टॉवरशी ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर बोलतो. ही लहर सव्वादोन-अडीच मीटरची. लहरीच्या दहाव्या भागाएवढे पत्र्याचे तुकडे कल्पून प्रत्येकातला प्रवाह काढता येतो. उंचीमापकाची लहर मात्र जेमतेम सात सेंटीमीटर. मोठ्या विमानाचे तुकडे कोटीच्या वर जातात, संगणक हात टेकतो. मग लहरीला प्रकाशकिरणासारखं मानायचं आणि कडेपाशी ती कशी वळते तेवढं वेगळं मोजायचं. हे गणित १९७४ साली ओहायोत कुयुमजियन आणि प्रभाकर पाठक यांनी मांडलं. पाठक मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. एम.एस.ला असताना हे कळलं आणि मी वर्गात उगाचच ताठ बसलो!

एकदा उंचीमापकाचा माझा हिशेब मोजमापाशी जुळेना. धुक्यात उतरताना वैमानिक याच आकड्यावर विसंबतो, त्यामुळे 'जवळपास बरोबर' चालत नाही. तीन आठवडे मी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. एका रविवारी आईला घेऊन म्युनिक विमानतळाजवळच्या टेकडीवर गेलो, विमानं बघायला.

"चाकं काढली बघ त्याने," आई म्हणाली.

मी गप्पच झालो. माझ्या संगणकातलं विमान चाकं पोटात घेऊन उतरत होतं!

सोमवारी चाकं आणि त्यांची दारं बाहेर काढली, आकडे जुळले. संध्याकाळी आईला सांगितलं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मग तीन आठवडे करत काय होतास?"