सायकलच्या दिव्यात वीज कोठून येते?



आमचे अण्णा दिवस मावळल्यावर सायकलीवरून घरी येतात. मध्यंतरी सायकलीचा दिवा लागेना. अंधारात सायकल चरात गेली आणि अण्णांचा गुडघा फुटला. ते म्हणाले, "डायनामोतली वीज संपली." मला प्रश्न पडला, डायनामो म्हणजे काय सेल आहे, वीज संपायला? मी गुरुजींना विचारले.

गुरुजींनी विज्ञान पेटी काढली. पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याच्या वेष्टित तारेचे २०० वेढे घेतले. त्याच तारेचे ५० वेढे लांब ठेवलेल्या होकायंत्राच्या डबीवर गुंडाळले. मग तारेची दोन्ही टोके खरवडून एकमेकांना जोडली. आम्ही सगळे डोळे लावून बसलो.

चुंबक झटकन नळीत घातला, होकायंत्राची सुई किंचित हलली! चुंबक आत तसाच ठेवला, तर सुई पुन्हा जागेवर आली. बाहेर ओढला, तर सुई उलट बाजूला हलली. म्हणजे नुसता चुंबक असून भागत नाही. वेटोळ्यातले चुंबकीय क्षेत्र बदलत असेल, तेवढ्यापुरतीच वीज वाहते. बदल जितका झटपट आणि वेढे जितके जास्त, तितका विजेचा दाब जास्त. याला विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात. मायकेल फॅरडे यांनी हा शोध १८३१ साली इंग्लंडात लावला. ते लोहाराचे पुत्र. लहानपणी पुस्तकबांधणीच्या दुकानात काम करता करता वाचून शिकले.

डायनामोत असेच असते. त्याचे चाक टायरला घासून फिरते, त्याबरोबर आतला चुंबक फिरतो. भोवती तारेचे वेटोळे असते. समोर कधी उत्तर ध्रुव, कधी दक्षिण ध्रुव येतो, म्हणून क्षेत्र सारखे बदलते आणि दिवा लागतो. जोरात पायडल मारले की उजेड वाढतो, सायकल थांबली की दिवा विझतो. ही वीज फुकट मात्र नाही. डायनामो लावला की पायडल जड जाते, ते याचमुळे. कोयनेच्या वीजघरांतही हेच तत्त्व आहे. तेथे पायांऐवजी पाण्याचा जोर असतो.

मग अण्णांचा दिवा का लागेना? डायनामोपासून दिव्याकडे एकच तार जाते. विजेची परतीची वाट सायकलीच्या लोखंडातून असते. मी पाहिले, तर डायनामोच्या पट्टीखाली गंज चढलेला! तो पॉलिश कागदाने घासला, स्क्रू आवळला, चाक गरगर फिरवले, आणि दिवा लागला. अण्णा हसून म्हणाले, "वीज संपली नव्हती रे, वाट अडली होती!"

पालकांनो, तुमच्या सायकलीचा दिवा लागत नसेल, तर आधी गंज पाहा. आणि मित्रांनो, प्रयोग जरूर करा, पण घरातल्या विजेच्या तारांना हात लावू नका.

— इयत्ता ७ वीतील एक विद्यार्थी