धाकट्याचं नाव थोरल्यांशी जुळवताना : अक्षर बघायचं की अर्थ?

घरात दुसरं-तिसरं बाळ आलं की अकिक्याच्या आधीच नावाची चर्चा रंगते. फुफी म्हणते, "आरिफ झाला, आसिफ झाला, आता आतिफच ठेवा." खाला मोबाईलवर 'अ'ची यादी काढून बसते. दादीला मात्र आपल्या मरहूम वालिदांचं नाव हवं असतं. भावंडांची नावं एकमेकांना शोभावीत, ही हौस चांगलीच आहे. पण जुळवायचं नेमकं काय, हे आपण फारसं बघत नाही.

आधी आपल्यासमोरचा आदर्श पाहू. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या नातवांची नावं हसन आणि हुसैन ठेवली. दोन्ही एकाच धातूची. हुसैन म्हणजे 'छोटा हसन'. म्हणजे जुळणारी नावं ठेवायला हरकत नाही. पण प्रेषितांच्या (स.) मुलींची नावं बघा : जैनब, रुकय्या, उम्मे कुलसूम, फातिमा. यमक नाही की एक अक्षर नाही. म्हणून नावं जुळलीच पाहिजेत, असंही नाही. बंधन आहे ते चांगल्या अर्थाचं.

यमकाच्या मागे लागलो की नेमका अर्थच सुटतो. त्यातून आपण नावं देवनागरीत किंवा इंग्रजीत वाचतो, आणि तिथे अरबीतले फरक पुसले जातात. 'अलीम' ऐनने लिहिलं तर 'सर्व जाणणारा', अलिफने लिहिलं तर 'वेदना देणारा'. 'आसिया' हे फिरऔनच्या ईमानवाल्या पत्नीचं सुंदर नाव. पण ऐन आणि स्वादने लिहिलं की अर्थ होतो 'अवज्ञा करणारी'. हजरत उमर (रजि.) यांच्या मुलीचं हे दुसरं नाव प्रेषितांनी (स.) बदलून 'जमीला' ठेवलं होतं. म्हणून नाव पक्कं करण्याआधी ते उर्दू-अरबीत कसं लिहितात, हे मशिदीतल्या मौलानांना किंवा जाणकाराला एकदा विचारून घ्या.

दुसरी अडचण कागदपत्रांची. आसिफ आणि आतिफ यांच्यात फरक एका अक्षराचा. वडिलांचं नाव तेच, आडनाव तेच, पत्ता तोच. शाळेच्या रजिस्टरमध्ये, बँकेत, मतदार यादीत टाईप करणाऱ्याची एक चूक झाली की एका भावाची नोंद दुसऱ्याच्या नावावर जाते, आणि मग दुरुस्तीसाठी वर्षानुवर्षं खेटे. अब्दुल रहमान आणि अब्दुल करीम या भावांचं तर विचारूच नका. फॉर्मवर 'पहिलं नाव' दोघांचंही 'अब्दुल'! शिवाय नुसतं 'अब्दुल' हे नाव अर्धवटच राहतं. अशी नावं 'अब्दुर्रहमान', 'अब्दुलकरीम' अशी जोडून लिहिलेली बरी.

1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा आहे. त्यामुळे दाखल्यावरचं स्पेलिंग पहिल्या दिवसापासून बरोबर हवं. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. पण नाव ठरलं नसेल तर घाई नको. नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क भरता येतं. थोरल्या मुलांच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आणि आडनाव जसं आहे, अगदी तसंच धाकट्याच्याही दाखल्यावर लिहून घ्या. भावंडांमध्ये खरं जुळायला हवं ते हे!

मग नावं जुळवायची कशी? सोपे मार्ग आहेत :

अर्थाने जुळवा. थोरली नूर असेल तर धाकटा सिराज (दिवा) किंवा मुनीर (प्रकाश देणारा). अक्षरं वेगळी, पण उजेड एकच.

धातूने जुळवा. अहमद, महमूद, हामिद ही तिन्ही 'हम्द' म्हणजे स्तुतीतून आलेली आहेत; तरी कानाला वेगळी लागतात.

इतिहासाने जुळवा. एक युसूफ, दुसरा याह्या, तिसरा इल्यास : तिघेही प्रेषितांच्या नावाचे. मुलींसाठी खदीजा, सुमय्या, अस्मा. रात्री गोष्ट सांगायला प्रत्येकीची वेगळी गोष्ट तयार.

शेवटी एक घरगुती परीक्षा. स्वयंपाकघरातून सगळ्या मुलांना मोठ्याने हाका मारून बघा. एकाला बोलावल्यावर तिघं धावत येणार असतील, तर नाव बदला.

आणि समजा, नाव नाहीच जुळलं, तर मन खट्टू करू नका. उद्या लेकरू विचारेल, "अम्मी, माझं नाव असं का ठेवलं?" तेव्हा "दादाच्या नावाशी यमक जुळत होतं" एवढंच उत्तर आपल्याकडे नसावं. त्याच्या नावाचा त्याचा स्वतःचा अर्थ आपल्याला सांगता यावा. ते नाव त्याला आयुष्यभर वागवायचं आहे.