कार्डं वाटली, रीडर कुठाय?

एमएच-१० आणि एमएच-११ ची लायसन्सं, आरसी, २००८ ची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना, २०१९ ची एसटीची सवलत-कार्डं. चिपवाल्या कार्डांच्या या लाटा वाचकांनी पाहिल्याच आहेत. केबलच्या डब्यातलं कार्ड मी धरत नाही. त्यातलं शिकण्यासारखं सगळं कंपन्यांनी कुलपात ठेवलेलं.

माझा जीव स्कॉस्टावर, म्हणजे लायसन्स-आरसीच्या कार्डांतल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मसुद्यावर. आयआयटी कानपूरचे रजत मूना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनआयसीबरोबर हा मसुदा रचला. कार्ड कुणाचंही असो, आज्ञा त्याच. मसुदा उघड होता, म्हणून सांगली-कराडची पोरंही रीडर स्वतः बांधायला बसू शकली.

आणि बांधायलाच हवा! कार्डाच्या पट्ट्या आठ, पण बोलायची तार एकच. क्लॉक ३.५७१२ मेगाहर्ट्‌झ, भागिले ३७२, की ९६०० बॉड. पहिला बाइट ३बी आला तर ठीक. ०३ दिसला तर घाबरायचं नाही, तो उलट्या रीतीनं आलेला ३एफ असतो. खरी गंमत पॅरिटीत. बाइट चुकला की ऐकणाऱ्यानं ती तार क्षणभर खाली ओढायची, बोलणाऱ्यानं तोच बाइट पुन्हा पाठवायचा. साध्या यूआर्टला हे येत नाही. एसटीएम३२ मध्ये ती सोय आयती आहे. आम्ही मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर यंत्रं चाचणीला ठेवली, तेव्हा पट्ट्यांवर पिवळी धूळ बसायची. ज्यानं तार ओढायचा भाग ‘नंतर करू’ म्हणून गाळला होता, त्याचा रीडर दुपारपर्यंत मुका.

दुसरा माझा हट्ट सॅमचा, म्हणजे गुप्त किल्ली सांभाळणाऱ्या वेगळ्या चिपचा. रीडरच्या पोटात सिमएवढा आणखी एक खण ठेवायचा आणि किल्ली त्यातल्या चिपमध्ये. बाहेरचं कार्ड आव्हान देतं, आतली चिप उत्तर देते, प्रोसेसर नुसता हमाल. विमा योजनेत कार्ड देताना सरकारी माणसाचं स्वतःचं कार्डही लागायचं, ते याच न्यायानं. काही विद्वान मात्र किल्ली फ्लॅशमध्ये लिहून वर एईएस-२५६ चा बिल्ला लावतात. बोर्ड चोरीला गेलं की बिल्ल्यासकट सगळं गेलं.

डिजिटल सहीचं यूएसबी टोकन म्हणजे कार्ड आणि रीडर एकाच डबीत. टेंडर भरणाऱ्यांना ते पाठ आहे, पुढे चला.

महामार्गावर शिरवळपासून कासेगावपर्यंत कुणी लायसन्स यंत्रात घातलेलं मी पाहिलं नाही. पोलीस ते उलटसुलट बघतो, परत देतो. २०१९ च्या नव्या नमुन्यात चिप ऐच्छिक झाली, क्यूआर आला. ‘आता सगळं फोनवर’ म्हणणाऱ्यांनी एकदा पाटणच्या वर, कोयनेकडे रेंज शोधत फिरावं. सही केलेला क्यूआरसुद्धा झेरॉक्सवर जसाच्या तसा उमटतो. चिपचं झेरॉक्स निघत नाही, आणि सॅमला रेंज लागत नाही.

हल्ली पोरांच्या प्रोजेक्टला आयतं आरएफआयडी मॉड्यूल येतं, लायब्ररी जोडली जाते, कार्डाचा यूआयडी दिसला की हजेरी लागली. तोच यूआयडी दुसऱ्या स्वस्त कार्डावर लिहून मिळतो, हे सांगायचं कुणी? व्हायव्हाला ‘किल्ली कुठे ठेवलीस?’ विचारलं की पोरगं गाइडच्या तोंडाकडे बघतं, आणि गाइड माझ्या.