मेंदूचा काटा आणि स्नायूंचे बारदान

शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करताना घरातील प्रत्येकाच्या मनात एक शंका डोकावते : मधेच शुद्ध आली तर? असे क्वचितच घडते. तरीही त्यामागील शास्त्र समजून घेणे हिताचे आहे.

पूर्ण भूल हे एकाच औषधाचे काम नव्हे. एक औषध शुद्ध हरपवते, दुसरे वेदना शमवते, तर तिसरे स्नायू शिथिल करते. 1942 साली मॉन्ट्रियल येथे डॉ. हॅरॉल्ड ग्रिफिथ यांनी क्युरारेचा वापर केला, तेव्हापासून हे तिसरे औषध भूलशास्त्रात रुळले. त्याने हात हलत नाही, डोळाही उघडत नाही. शुद्ध मात्र जात नाही. म्हणून पहिले औषध अपुरे पडले, तर रुग्ण जागा असूनही खूण करू शकत नाही.

यासाठी कपाळावर पट्टी लावून मेंदूच्या विद्युतलहरी तपासणारे 'बीआयएस' यंत्र वापरतात. त्याचा आकडा 0 ते 100 असतो. शस्त्रक्रियेसाठी 40 ते 60 योग्य मानतात.

अडचण येथेच आहे. कपाळाच्या स्नायूंतूनही वीज निर्माण होते आणि यंत्र तीही मेंदूच्या खाती जमा करते. व्यापाऱ्यांना हे सहज उमगेल : काटा मालाबरोबर बारदानही तोलतो. स्नायू शिथिल झाले की बारदान उतरते, आकडा घसरतो. माल मात्र तेवढाच असतो. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगात 10 स्वयंसेवकांना शुद्ध हरपवणारे औषध न देता केवळ स्नायू शिथिल करणारे औषध दिले. ते पूर्ण जागे होते, तरी आकडा 44 पर्यंत उतरला.

ब्रिटन व आयर्लंडमधील 2014 च्या पाहणीत भुलेत जाग आल्याच्या तक्रारी सुमारे 19,000 रुग्णांमागे एक आढळल्या. हे औषध दिलेल्यांत प्रमाण 8,000 मागे एक, तर न दिलेल्यांत सुमारे 1,36,000 मागे एक होते.

म्हणूनच जाणते भूलतज्ज्ञ एका आकड्यावर विसंबत नाहीत. उच्छ्वासातील भूलवायूचे प्रमाण, नाडी, रक्तदाब आणि स्नायू किती शिथिल झाले याची मोजणी, हे सारे ते पडताळतात.

कुटुंबीयांचेही एक कर्तव्य आहे. पूर्वी भुलेत जाग आली असल्यास, झोपेच्या किंवा वेदनाशामक गोळ्या नित्य घेत असल्यास, मद्याची सवय असल्यास भूलतज्ज्ञांना आधीच सांगावे. वडीलधाऱ्यांसमोर संकोच वाटत असेल, तर एकांतात बोलावे. पण लपवू नये. औषधाची मात्रा ठरवताना ही माहिती मोलाची ठरते.