खाचवाल्या नटाचा पाना

एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत ठाण्यात उभी राहिली, वागळे इस्टेट. आज तिथल्या कित्येक कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत. डोंबिवली एमआयडीसीतही गाळा बंद पडला की मशीन लिलावात जातं आणि हत्यारं किलोच्या भावाने भंगारात. त्या ढिगात गॅस वेल्डिंगचे जुने पाने सापडतात. नाव नसलं तरी ते ओळखता येतात.

सिलिंडरची चावी सर्वांत सोपी. टोकाला चौकोनी खोबण, ती व्हॉल्व्हच्या चौकोनी दांड्यावर बसते. अ‍ॅसिटिलीन चालू असेपर्यंत चावी व्हॉल्व्हवरच ठेवायची, हा नियम. ज्वाला नळीत उलटी शिरली तर चावी शोधायला वेळ नसतो. म्हणून चावीला साखळीचं भोक दिसलं आणि खोबणीचे कोपरे झिजलेले असले, तर ती भरपूर राबलेली आहे असं समजावं.

दुसरा प्रकार म्हणजे चपटी पट्टी, तिला तीन-चार तोंडं: रेग्युलेटर, नळी, नोजल, सगळ्यांसाठी एकच. अ‍ॅसिटिलीनच्या नटांना उलटे आटे असतात आणि कोपऱ्यांवर खाच, म्हणजे ऑक्सिजनशी अदलाबदल होत नाही. पाना मात्र दोघांनाही तोच लागतो. ‘खास अ‍ॅसिटिलीनचा’ म्हणून कोणी जास्त पैसे मागितले, तर हसून पुढे जावं.

आकड्यांनी बरेच जण फसतात. ‘३/८ डब्ल्यू’ असं कोरलेल्या व्हिटवर्थ पान्याचं तोंड सुमारे १८ मिलिमीटर भरतं, कारण आकडा बोल्टच्या जाडीचा असतो. मेट्रिकचा कायदा १९५६ चा, पण सिलिंडरचे आटे आजही इंची पाइपच्या मापाचे आहेत. तेव्हा नुसता इंची आकडा म्हणजे जुनेपणाचा पुरावा नव्हे. कंपनीचं नाव त्याहून भरवशाचं. १९३५ साली निघालेली ‘इंडियन ऑक्सिजन अँड अ‍ॅसिटिलीन’ १९५८ मध्ये ‘इंडियन ऑक्सिजन’ झाली, १९९५ मध्ये ‘बीओसी इंडिया’. लांबलचक जुनं नाव दिसलं तर घासाघीस करू नये.

गंज रॉकेलने निघतो. वरून तेलाचा हात फिरवलात तरी चालेल. मात्र असा पाना पुन्हा कामाला लावू नका. सुमारे दीडशे किलो दाबाच्या ऑक्सिजनला तेल लागलं, की पेटायला ठिणगीचीही गरज नसते.