नवागत गृहिणी व नागरिकत्व

अमेरिकेंत १९२२ पर्यंत परदेशांतून आलेला पति नागरिक झाला, कीं पत्नीही आपोआप नागरिक होई. त्या सालच्या केबल कायद्यानें विवाहितेचें नागरिकत्व स्वतंत्र केलें. न्याय्य खरें, पण इंग्रजी बोलतां येण्याची अटही आतां तिच्यावरच आली! मुलें शाळेंत व पुरुष कारखान्यांत ती भाषा शिकत. चुलीपाशीं गुंतलेलीस कोण शिकविणार? महायुद्धानंतरच्या त्या काळांत, मातृभाषा टाका, एवढाच उपदेश पुष्कळांकडून होत असे. वाय. डब्ल्यू. सी. ए. या स्त्रीसंस्थेच्या एडिथ ब्रेमरबाईंनीं १९१० सालीं न्यूयॉर्क येथें 'इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट' काढली होती; तिची रीत निराळी, आणि आमच्या मतें तीच शहाणपणाची. नवागतांपैकींच सुशिक्षित स्त्रिया नेमून त्यांस घरोघर धाडावयाचें, आणि नव्या देशाचे कायदेकानू गृहिणीस तिच्याच भाषेंत समजावून द्यावयाचे.